'ड' वर्गाचे रेडिओ केंद्र : अनुदान थांबले की आधी कोण गप्प होते?

आमच्या शेजारचे काकाजी पोस्टातून निवृत्त झाले आहेत आणि सकाळचे वर्तमानपत्र ते आजही पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. अमेरिकेतील 'कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग' ही संस्था विसर्जित करण्याचा ठराव तिच्याच संचालक मंडळाने जानेवारी २०२६ मध्ये केला, ही बातमी वाचून त्यांनी मला कुंपणापलीकडून विचारले, "म्हणजे तिकडचं दूरदर्शन बंद झालं का जी?"

या प्रश्नाला 'हो' म्हटले तर ते चूक ठरते आणि 'नाही' म्हटले तर अर्धवट राहते. बंद झाले ते दूरदर्शनसारखे कोणतेही केंद्र नव्हते, एक तिजोरी होती. परंतु त्या तिजोरीवर सुमारे दीड हजार लहानमोठी रेडिओ आणि टीव्ही केंद्रे कमीअधिक प्रमाणात अवलंबून होती, आणि हा 'कमीअधिक' शब्दच या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा आहे. नागपुरात बसून या गोष्टीत डोके का घालावे, असे कोणाला वाटेल. पण लोकांच्या मालकीची रेडिओ केंद्रे आपल्या देशातही आहेत, त्यांनाही सरकारी पैसा लागतो, आणि तो कधी, कसा आणि किती गाजावाजा न होता थांबू शकतो हे समजून घेण्यास अमेरिकेचे उदाहरण उपयोगी पडते.

बातमी नेमकी काय आहे

अमेरिकेत १९६७ साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या काळात सार्वजनिक प्रसारणाचा कायदा झाला आणि त्याखाली ही संस्था उभी राहिली. तिचे काम एकच होते : संसदेने मंजूर केलेला पैसा घ्यायचा आणि देशभरच्या केंद्रांना वाटायचा. अलीकडच्या वर्षांत ही रक्कम वर्षाला सुमारे ५३.५ कोटी डॉलर होती. आकडा डोळे विस्फारणारा वाटतो, पण अमेरिकेच्या लोकसंख्येने त्याला भागले की माणशी वर्षाला दीड डॉलरच्या आसपास, म्हणजे आपल्या सव्वाशे-दीडशे रुपयांत, हिशेब संपतो. आपल्याकडच्या तर्री-पोह्याच्या चार-पाच प्लेटा म्हणा.

हा पैसा दोन वर्षे आधीच मंजूर करून ठेवण्याची पद्धत होती. तिला आपण 'आगाऊ तरतूद' म्हणू. हेतू असा, की आज एखाद्या केंद्राने सत्ताधाऱ्यांना न आवडणारे काही प्रसारित केले, तर उद्याच्या अर्थसंकल्पात त्याचा सूड उगवता येऊ नये. २०२५ च्या जुलैत जे घडले त्याने नेमका हाच बांध फोडला. आधी मंजूर झालेला खर्च मागे घेणारे एक विधेयक आले; त्यात एकूण सुमारे ९०० कोटी डॉलर परत घेतले गेले, त्यातील बहुतेक परराष्ट्र मदतीचे होते आणि सुमारे ११० कोटी डॉलर पुढील दोन वर्षांच्या प्रसारणाचे. सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ४८ आणि प्रतिनिधिगृहात २१६ विरुद्ध २१३ अशा काठावरच्या मतांनी ते संमत झाले आणि २४ जुलै रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांची त्यावर सही झाली. त्यानंतर साधारण आठवडाभरातच संस्थेने गाशा गुंडाळत असल्याचे जाहीर केले, आणि ३० सप्टेंबरला तिच्या बहुतेक कर्मचाऱ्यांची नोकरी संपली.

'लोकांच्या मालकीचे' म्हणजे कोणाचे?

आपल्या मनात रेडिओचे दोनच प्रकार पक्के बसलेले आहेत. एक, "आकाशवाणीचे हे नागपूर केंद्र आहे" अशी घोषणा करणारा, जो १६ जुलै १९४८ पासून या शहरात आहे आणि आज प्रसार भारती या महामंडळाखाली चालतो. दुसरा, खासगी एफएम, जो गाण्यांच्या मध्ये जाहिराती की जाहिरातींच्या मध्ये गाणी वाजवतो हे सांगणे कठीण आहे. पहिल्याचा मालक शेवटी सरकार आणि दुसऱ्याचा कंपनी.

तिसरा प्रकार या दोहोंपेक्षा वेगळा आहे. त्यात केंद्राची मालकी एखाद्या स्थानिक ना-नफा संस्थेकडे, विद्यापीठाकडे किंवा तेथील जमातीच्या मंडळाकडे असते. नफा वाटून घेण्याचा कोणालाही अधिकार नसतो, आणि केंद्र कोणासाठी चालवायचे हे त्या भागातील लोक ठरवतात. अमेरिकेतील बहुसंख्य 'सार्वजनिक' केंद्रे या जातकुळीतील आहेत, काही राज्य सरकारांचीही आहेत. एनपीआर (रेडिओ) आणि पीबीएस (टीव्ही) ही दोन नावे आपल्या कानांवरून गेलेली असतात, परंतु ती या केंद्रांची मालक नाहीत. स्थानिक केंद्रे त्यांच्याकडून कार्यक्रम विकत घेतात. म्हणजे आपल्याकडे दिल्लीहून नागपूरला कार्यक्रम 'येतो', तर तिकडे नागपूरसारखे गाव पैसे मोजून तो 'मागवते'. अनुदान वाटणाऱ्या संस्थेला तर स्वतःचे केंद्र ठेवण्यास कायद्यानेच मनाई होती, आणि मिळालेल्या पैशातील ७० टक्क्यांहून अधिक भाग तिला थेट स्थानिक केंद्रांना द्यावा लागत असे.

ग्रंथालयाकडे पाहा, म्हणजे रेडिओ कळेल

या व्यवस्थेशी जुळणारी गोष्ट आपल्या घरापासून फार लांब नाही. योगायोगाने ती १९६७ सालचीच आहे. त्या वर्षी महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला आणि गावोगावच्या वाचनालयांना शासनाचे अनुदान देण्याची रीतसर पद्धत बसली. ग्रंथालय सरकारचे नसते. ते गावातील संस्थेचे असते, तिची कार्यकारिणी असते, वर्गणीदार असतात. शासन त्याची अ, ब, क, ड अशी वर्गवारी करते आणि त्यानुसार हात देते.

काटोल रस्त्यावरील एका गावातील 'ड' वर्गाच्या वाचनालयात मी मध्यंतरी अर्धा दिवस बसून होतो. एका खोलीत तीन लोखंडी कपाटे, एक लांब टेबल, त्यावर चार वर्तमानपत्रे आणि वाऱ्याने ती उडू नयेत म्हणून ठेवलेला संत्र्याएवढा गुळगुळीत दगड. ग्रंथपाल दुपारी स्वतःच्या शेतातून येऊन कुलूप उघडतात. वर्गणीचे पुस्तक त्यांनी दाखवले. नावे भरपूर होती, जमा रकमेचा रकाना मात्र बहुतेक जागी कोरा होता. अनुदान हप्त्याहप्त्याने येते आणि त्यातूनच वर्तमानपत्रांचे बिल, विजेचे बिल व त्यांचे मानधन निघते. सीताबर्डीसारख्या भागातील एखाद्या जुन्या मोठ्या ग्रंथालयाची गोष्ट निराळी : तेथे वर्गणीदार आहेत, देणगीदार आहेत, कार्यक्रमाला भाड्याने देता येईल असे सभागृह असते.

उद्या राज्याने सर्वच ग्रंथालयांचे अनुदान थांबवले असे समजू. कागदावर हा निर्णय सर्वांना सारखा दिसेल. प्रत्यक्षात शहरातील ग्रंथालय नवी पुस्तके कमी घेईल, एखादे पद रिकामे ठेवेल आणि चालू राहील. काटोल रस्त्यावरचे कुलूप मात्र उघडले जाणार नाही. अनुदान म्हणजे तेथे जेवणातील तूप नव्हते, तीच भाकरी होती.

"फक्त १५ टक्केच तर गेले, मग एवढा गलका कशाला?"

अनुदान बंद करण्याच्या बाजूने सर्वाधिक वापरला गेलेला युक्तिवाद आकडेवारीचा होता. पीबीएस आणि तिच्याशी जोडलेल्या केंद्रांच्या उत्पन्नात या सरकारी पैशाचा वाटा सुमारे १५ टक्के, आणि एनपीआरच्या उत्पन्नात थेट वाटा तर जेमतेम १ टक्का. मग हे लोक स्वतःच्या पायावर उभे का राहू शकत नाहीत?

सरासरी ही फसवी गोष्ट आहे, आणि येथे ती पुरती फसवते. न्यूयॉर्क किंवा बोस्टनमधील श्रीमंत केंद्र आणि अलास्कातील एका खोलीचे केंद्र यांची सरासरी काढून १५ टक्के येतात. अलास्काच्या पश्चिम टोकाला बेथेल नावाचे गाव आहे, जेथे बाहेरून रस्ता जातच नाही. विमानाने किंवा नदीवाटेच पोहोचावे लागते. तेथील केवाययूके हे १९७१ पासूनचे केंद्र इंग्रजीसोबत तेथील मूळ रहिवाशांच्या युपिक भाषेत बोलते. त्याच्या उत्पन्नाचा जवळपास ७० टक्के भाग या अनुदानातून येत होता. १५ टक्के गेले तर पट्टा एक भोक पुढे ओढून भागवता येते. ७० टक्के गेल्यावर ओढायला पट्टाच उरत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये, म्हणजे संस्थेचे दिवे मालवल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, हालोंग या चक्रीवादळाचे अवशेष त्याच किनाऱ्यावर आदळले. किपनुक आणि क्विगिलिंगोक या गावांतील घरे पायापासून सुटून पाण्यावर वाहत गेली आणि शेकडो लोकांना विमानांनी हलवावे लागले. कोण कोठे अडकले आहे, निवारा कोठे आहे, हे त्यांच्या भाषेत सांगणारा आवाज त्या आडमुलखात याच केंद्राचा होता. त्याआधी १६ जुलै रोजी सिनेटमध्ये या विधेयकावर चर्चा सुरू असतानाच अलास्कातील सँड पॉइंटजवळ ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला होता आणि तेथील छोटे सार्वजनिक रेडिओ केंद्र लोकांना उंचावर जाण्यास सांगत होते. त्या केंद्राचाही मोठा आधार हेच अनुदान होते.

एनपीआरच्या १ टक्क्याचाही एक छुपा पदर आहे. स्थानिक केंद्रे ज्या पैशांतून एनपीआरचे कार्यक्रम विकत घेत, त्यात अनुदानाचा पैसा मिसळलेला असे. म्हणून केंद्रे खचली की वरच्याचेही गिऱ्हाईक तुटते. पीबीएसने २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपला खर्च २१ टक्क्यांनी कमी केला, त्यामागे हेही एक कारण होते.

"जाहिराती घ्याव्यात, देणग्या घ्याव्यात"

जाहिरातदार केंद्राला पैसे देत नाही, तो श्रोत्याच्या खिशाला देतो. धरमपेठेतील श्रोत्याला मोटारगाडी विकता येते, म्हणून धरमपेठेत ऐकू येणाऱ्या केंद्राला जाहिरात मिळते. मेळघाटातील कोरकू बोलणाऱ्या श्रोत्याला काय विकणार? त्याला ज्या माहितीची गरज सर्वांत जास्त आहे, तिच्यासाठी पैसे मोजणारा कोणीही बाजारात उभा नाही. यात जाहिरातदाराचा दोष नाही. त्याने धर्मादाय कारखाना काढलेला नाही. परंतु बाजारच सगळे पाहून घेईल, असे म्हणणाऱ्यांनी बाजाराची नजर कोठपर्यंत जाते हेही पाहावे. तोट्यातील मुक्कामी एसटी ज्या कारणाने चालवली जाते, त्याच कारणाने असे केंद्र चालवावे लागते. अमेरिकेत तर अशा केंद्रांना सरळ जाहिरात वाजवण्याची मुभाच नाही. 'या कार्यक्रमास अमुक यांचे साहाय्य लाभले' एवढेच म्हणता येते.

देणग्यांचेही तेच. मॅकडोनाल्ड्सचा पसारा उभारणारे रे क्रॉक यांच्या पत्नी जोन क्रॉक यांनी २००३ मध्ये मृत्युपत्राद्वारे एनपीआरला २० कोटी डॉलरहून अधिक रक्कम दिली. मोठ्या देणग्या मोठ्या नावाकडे वाहतात. अनुदान तुटल्यावर अनेक सामान्य अमेरिकी श्रोत्यांनी आपापल्या केंद्रांना भरभरून पैसे पाठवले, हे खरे आणि कौतुकास्पद आहे. पण ज्या गावात श्रोतेच काही शे आहेत आणि त्यांतील बरेच स्वतः हातावर पोट असलेले आहेत, तेथे भरभरून म्हणजे किती भरणार?

"मोबाइल असताना रेडिओ हवाच कशाला?"

हा प्रश्न काकाजींच्या नातवाने विचारला आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मोबाइलवरील प्रत्येक ऐकणाऱ्यासाठी जाळ्यातून वेगळी धार सोडावी लागते. ऐकणारे वाढले की जाळे तुंबते, वीज गेली आणि मनोऱ्याची बॅटरी उतरली की तेही संपते. रेडिओचे तसे नाही. ट्रान्समीटर एकदा सुरू झाला की दहा माणसांनी ऐकले काय आणि दहा हजारांनी ऐकले काय, त्याला तेवढीच वीज लागते, आणि ऐकणाऱ्याकडे दोन सेलचा डबा असला तरी पुरते.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकरांना आठवत असेल. काही तासांच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली. आमच्या गल्लीत वीज नव्हती, माझ्या मोबाइलमध्ये ११ टक्के चार्जिंग होते आणि कोणता रस्ता चालू आहे हे आम्हाला कळले ते पलीकडच्या गच्चीवरून कोणीतरी ओरडून सांगितल्यामुळे. त्या वेळी एखादे छोटे केंद्र असते तर पहाटे तीन वाजता तेथे कोणी जागे असते का, ही शंका मलाही आहे. सकाळी सातला मात्र ते कामाचे ठरले असते.

"पक्षपाती केंद्रासाठी माझा कर का?"

सगळ्या आक्षेपांत वजनदार आक्षेप हा आहे. एनपीआर आणि पीबीएस डावीकडे झुकलेले आहेत, असे अमेरिकेतील रिपब्लिकन पक्ष अनेक दशके म्हणत आला आहे. २०२४ मध्ये एनपीआरच्याच उरी बर्लिनर या ज्येष्ठ संपादकाने आपल्या संस्थेत एकाच बाजूची मते साचली आहेत, असे जाहीर लिहिले आणि नंतर राजीनामा दिला. ज्या नागरिकाला एखाद्या माध्यमात आपल्या मताची कुचेष्टा होताना दिसते, त्याने त्यासाठी कर का भरावा, हा प्रश्न नैतिकदृष्ट्या पोकळ नाही.

माझे मत असे, की रोग खरा मानला तरी औषध भलत्याच अवयवावर लावले गेले. ज्यांच्यावर राग होता त्या एनपीआरच्या वॉशिंग्टनमधील कचेरीचा थेट तोटा १ टक्क्याच्या आसपास. आणि बेथेलच्या केंद्राचा, ज्याच्या कार्यक्रमांत मासेमारीचे नियम, हवामान आणि गावच्या शाळेचे बास्केटबॉल सामने असतात, ७० टक्क्यांचा. त्यातही गंमत अशी, की असे आडवळणी मुलूख बहुधा याच पक्षाला मते देणारे. अलास्काच्या रिपब्लिकन सिनेटर लिसा मर्कोव्स्की यांनी स्वपक्षाच्या विरोधात मत दिले.

याच आक्षेपाची दुसरी बाजू अशी, की सरकारचा पैसा घेतला की सूरही सरकारचाच लागतो. तेव्हा पैसा सुटला ते बरेच झाले. यातही तथ्य आहे, आणि आपल्याला तर ते समजावून सांगण्याची गरज नाही. पण पैसा देणारा हात आणि माइक यांच्यामध्ये किती भिंती आहेत, यावर पुष्कळ अवलंबून असते. मधली संस्था, दोन वर्षांची आगाऊ तरतूद, मजकुरात ढवळाढवळ करण्यास कायद्याची मनाई, अशा तीन भिंती अमेरिकेने बांधल्या होत्या. त्या अनेक दशके टिकल्या आणि मोजक्या मतांनी पडल्या. भिंत बांधणारा आणि पाडणारा एकच असेल तर तिचा भरवसा किती, हा धडा दोन्ही बाजूंनी घ्यावा लागेल.

इतर देशांनी काय केले

थोडक्यात सांगतो. ब्रिटनमध्ये टीव्हीवर थेट प्रक्षेपण पाहणाऱ्या घराला बीबीसीसाठी परवाना शुल्क भरावे लागते. २०२५-२६ साली ते वर्षाला १७४.५० पौंड होते. जर्मनीत प्रत्येक घरामागे महिन्याला १८.३६ युरो घेतले जातात. स्वित्झर्लंडमध्ये हे शुल्क रद्द करावे का, असा प्रश्न मार्च २०१८ मध्ये थेट जनतेला विचारण्यात आला आणि ७० टक्क्यांहून अधिक लोकांनी 'नको, राहू द्या' असे उत्तर दिले. स्वतःच्या खिशातून जाणारा पैसा राहू द्या म्हणणारे मतदार मला तरी दुर्मीळ वाटतात. ग्रीसने उलटे टोक गाठले : ११ जून २०१३ च्या रात्री सरकारने काटकसरीच्या नावाखाली ईआरटी हे राष्ट्रीय प्रसारण एका फटक्यात बंद केले, पडदे काळे झाले, आणि बरोबर दोन वर्षांनी ते पुन्हा सुरू करावे लागले.

आता आपल्याकडे

भारतातील या गोष्टीचा पाया एका निकालात आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या वादात असे ठरवले, की ज्या लहरींवरून प्रसारण होते त्या सरकारच्या नाहीत, त्या जनतेची मालमत्ता आहेत. न्या. पी. बी. सावंत त्या पीठावर होते. निकालाचे फळ पिकण्यास वेळ लागला. २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात देशातले पहिले कॅम्पस केंद्र सुरू झाले, २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांना दार उघडले, आणि २००८ मध्ये आजच्या तेलंगणातील संघम रेडिओ दलित शेतकरी स्त्रियांच्या आवाजात बोलू लागला. त्याच वर्षी आपल्या सातारा जिल्ह्यातील म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आली. आज देशात अशी पाचशेहून अधिक केंद्रे आहेत. टीव्हीसाठी मात्र 'सामुदायिक' असा परवान्याचा प्रकारच आपल्याकडे नाही.

यांना 'सामुदायिक रेडिओ' म्हणतात. शक्ती १०० वॅट, पल्ला साधारण १० ते १५ किलोमीटर. झिरो माइलच्या दगडाशी मनोरा उभा केला, असे समजू : हिंगण्यापर्यंत ऐकू येईल, कामठीत खरखरीसह येईल, पण काटोल, रामटेक, उमरेडला काहीच नाही. म्हणजे एका जिल्ह्यालाही एक केंद्र पुरत नाही. शिवाय स्वतःच्या बातम्या देण्यास यांना मनाई आहे. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा वाजवता येतात. नाल्याला पूर आला हे सांगता येते, तो कोणामुळे आला हे विचारणे अवघड.

पैशाचे गणित येथे अमेरिकेपेक्षा वेगळे आहे. केंद्र सरकारची योजना यंत्रसामग्रीसाठी, ठरावीक मर्यादेपर्यंतच, मदत करते. रोजचा खर्च, म्हणजे वीज, बॅटऱ्या, निवेदकांचे मानधन, केंद्राने स्वतः भागवायचा. त्यासाठी जाहिरातींना परवानगी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तासाला ७ मिनिटांची मर्यादा १२ मिनिटे झाली आणि सरकारी जाहिरातींचा दर १० सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये झाला. आता हिशेब करून पाहू. एखाद्या केंद्राला दिवसाला सरासरी दोन मिनिटांच्या सरकारी जाहिराती मिळाल्या, तर दिवसाचे ८८८ रुपये आणि महिन्याचे सुमारे २६,६०० होतात. दोन निवेदक आणि एक तंत्रज्ञ यांचे मानधन त्यात कसेबसे बसावे. जाहिरात एक मिनिटावर आली तर एक माणूस कमी करावा लागतो. बिल सहा महिने लांबले तर तिघेही घरी.

मला आपल्या व्यवस्थेत धोका दिसतो तो येथे. सरकारी जाहिरात हे खरे तर अनुदानच आहे, फक्त त्याचे नाव वेगळे आहे; आणि अमेरिकेच्या अनुदानाभोवती होत्या तशा भिंती त्याच्याभोवती नाहीत. ते बंद करण्यासाठी संसदेत मतदान लागत नाही, कोणाची सही गाजत नाही, ५१ विरुद्ध ४८ असा आकडा छापून येत नाही. जाहिरातीचा आदेश आला नाही, एवढेच होते. काही वेळा पैसा न काढताही गळा आवळता येतो : २०१२ मध्ये या केंद्रांच्या लहरींचे वार्षिक शुल्क १९,७०० रुपयांवरून एकदम ९१,००० करण्यात आले होते, आणि देशभर ओरड झाल्यावर ते मागे घ्यावे लागले. तेव्हा केंद्रे थोडी होती पण एकत्र बोलली, म्हणून निभावले.

नागपूरला गप्प होण्याचा एक अनुभव तसा आहे. आकाशवाणीची रात्रभर चालणारी राष्ट्रीय वाहिनी १९८८ पासून येथील १००० किलोवॅटच्या ट्रान्समीटरवरून देशभर जात असे. ट्रकचालक, पहारेकरी, झोप न येणारे म्हातारे तिचे श्रोते. जानेवारी २०१९ मध्ये खर्चकपातीत ती बंद झाली. दुसऱ्या दिवशी शहरात कोणी मोर्चा काढल्याचे मला आठवत नाही.

मग पैसा यावा कोठून? वर ज्या परवाना शुल्काची गोष्ट केली ते आपल्याकडेही होते. रेडिओला वर्षाचे १५ रुपये, टीव्हीला ५०, आणि ते पोस्टात भरावे लागत. १९८० च्या दशकाच्या मध्यावर ते माफ झाले आणि श्रोता व प्रसारण यांच्यातील थेट व्यवहाराचा तो धागा तुटला. तेव्हापासून प्रसारणाला पैशासाठी तोंड फिरवायला दोनच दिशा उरल्या, सरकार आणि जाहिरातदार. ते शुल्क परत आणा, असे मी म्हणणार नाही. वसुलीचा खर्चच फार होता, आणि गरिबाच्या घरचा डबा जप्त करण्याची कल्पनाही नको. पण गावच्या वाचनालयाला ज्या कायद्याने वर्गवारी आणि हक्काचे अनुदान दिले, तसा एखादा लहानसा कायदा 'ड' वर्गाच्या रेडिओसाठी का असू नये, हे विचारायला हरकत नाही.

हे सगळे ऐकून झाल्यावर काकाजी आत गेले आणि कपाटातून एक पातळ पुस्तक घेऊन आले. त्यांच्या वडिलांचे रेडिओ लायसन्स. पानोपानी चिकटवलेली तिकिटे, त्यांवर डाकघराचा गोल शिक्का, त्यांतले काही शिक्के नोकरीला लागल्यावर खुद्द काकाजींनी मारलेले. "लोक कुरकुर करायचे," ते म्हणाले, "पन खिडकीवर येऊन भरायचे जी. आन् भरले की तिथंच उभं राहून सांगायचे, तुमचा तो कार्यक्रम काही बरोबर नाही म्हणून. मी पोस्टाचा मानूस, मले काय करायचं त्याचं? तरी मी ऐकून घेत होतो."